काहिलीत जपलेला बंध

दिवाळी सरली की हिरण्यकेशीच्या दोन्ही काठांना उसाच्या फडात कोयते चालू लागतात. गडहिंग्लज तालुक्यातला बहुतेक ऊस आता साखर कारखान्यांच्या वजनकाट्यावर जातो. थोडा मात्र अजून गुऱ्हाळावर येतो. चरकातून निघालेला रस काहिलीत पडतो, खाली चुलवाणात चिपाडं पेटतात, आणि काही तासांत पाण्यासारखा पातळ रस घट्ट, सोनेरी होऊन वाफ्यात उतरतो. एक टन उसामागं साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ पडतो. बाकी सगळं एकतर वाफ होऊन उडून जातं, मळी होऊन बाजूला पडतं, नाहीतर चिपाड होऊन चुलवाणात जळतं.

अणू एकमेकांना कसे धरतात, कसे सोडतात आणि सुटल्यावर पुन्हा कुणाशी जोडले जातात, हा या प्रकरणाचा विषय. तो समजून घ्यायला गुऱ्हाळासारखी दुसरी जागा मला माहीत नाही. रसायनशास्त्राच्या पुस्तकात वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेले बंध इथं एकाच आधणात भेटतात. आणि गुळव्याची सगळी कारागिरी, म्हणजे उसाची पारख, चुन्याचा अंदाज, जाळ कमी-जास्त करणं, गोळी बघणं, ही शेवटी एकाच बंधासाठी चाललेली असते. साखरेच्या एका रेणूत ४६ बंध असतात. त्यांतला एक नाजूक. तो टिकला तर गूळ बसतो. फार ठिकाणी तुटला तर कितीही आटवा, हाताला चिकटणारा लगदाच राहतो.

आधी बंध म्हणजे काय ते पाहू. अणूच्या मध्याशी धनभारित केंद्रक आणि भोवती ऋणभारित इलेक्ट्रॉन. आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन केंद्रकानं घट्ट धरून ठेवलेले असतात. बाहेरच्या अणूंशी व्यवहार करतात ते सर्वांत बाहेरच्या कवचातले. हायड्रोजनकडे असा एक इलेक्ट्रॉन, कार्बनकडे चार, ऑक्सिजनकडे सहा. १९१६ साली गिल्बर्ट न्यूटन लुईस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं मांडलं की दोन अणूंमधला बंध म्हणजे दोघांत सामाईक असलेली इलेक्ट्रॉनची एक जोडी. इलेक्ट्रॉनचा शोध लागून तेव्हा वीस वर्षंही झाली नव्हती. लुईसनं कागदावर ठिपके काढून हे दाखवलं, आणि आजही नववी-दहावीची मुलं तेच ठिपके काढतात.

शाळेत पुढं एक वाक्य येतं: अणूला आपलं अष्टक पूर्ण करायचं असतं. हिशेबापुरता हा नियम फार कामाचा आहे. कार्बन चार बंध करतो, ऑक्सिजन दोन, हायड्रोजन एक, एवढं त्यावरून पटकन कळतं. पण अणूला हवं-नको काही नसतं, आणि मुलांनी हे वाक्य खरं कारण समजून पाठ केलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. खरं कारण ऊर्जेचं आहे. सामाईक जोडीतला इलेक्ट्रॉन एकाच वेळी दोन केंद्रकांकडे ओढला जातो आणि त्याला वावरायला जागाही जास्त मिळते. त्यामुळं जोडलेल्या दोन अणूंची मिळून ऊर्जा सुट्या दोन अणूंपेक्षा कमी भरते. उरलेली ऊर्जा बाहेर पडते. अणू आणखी जवळ आले तर दोन्ही केंद्रकं एकमेकांना ढकलू लागतात, म्हणून ते एका ठरावीक अंतरावर थांबतात. हायड्रोजनच्या दोन अणूंत हे अंतर ०.०७४ नॅनोमीटर आहे. वॉल्टर हाइटलर आणि फ्रिट्झ लंडन यांनी १९२७ मध्ये पुंज यामिकीचं गणित हायड्रोजनच्या रेणूला लावून हा बंध का तयार होतो ते दाखवलं. रासायनिक बंधाचं कोडं भौतिकशास्त्राच्या नियमांतून सुटतं, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट झालं.

आता रसाकडे वळू. उसाच्या रसातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. तिच्या एका रेणूत १२ कार्बन, २२ हायड्रोजन आणि ११ ऑक्सिजन, असे ४५ अणू. रेणूचे दोन भाग आहेत. एक ग्लुकोजचं कडं, त्यात सहा अणू. दुसरं फ्रुक्टोजचं, त्यात पाच. दोन्ही कड्यांच्या मध्ये एकच ऑक्सिजनचा अणू आहे. एका बाजूनं तो ग्लुकोजच्या पहिल्या कार्बनला धरून असतो, दुसऱ्या बाजूनं फ्रुक्टोजच्या दुसऱ्या कार्बनला. रसायनशास्त्रात याला ऑक्सिजनचा पूल म्हणतात. गुळव्याचा जीव अडकलेला असतो तो या पुलात.

या रेणूला आठ जागी ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडगोळी लटकलेली असते. तिथला बंध सामाईक जोडीचाच, पण वाटणी सारखी नाही. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे जास्त ओढतो, म्हणून तो किंचित ऋण होतो आणि हायड्रोजन किंचित धन. पाण्याच्या रेणूतही हेच घडतं. मग साखरेचा किंचित धन हायड्रोजन पाण्यातल्या किंचित ऋण ऑक्सिजनकडे ओढला जातो. हा हायड्रोजन बंध. तो फार हलका असतो. ऑक्सिजन-हायड्रोजनचा मूळ बंध तोडायला एका मोलमागं सुमारे ४६० किलोज्यूल लागतात. हायड्रोजन बंधाला वीसच्या आसपास. पण असे बंध संख्येनं अगणित. साखर पाण्यात इतकी विरघळते ती त्यांच्यामुळं, आणि पाक आटत आला की घट्ट, तार धरणारा होतो तोही त्यांच्यामुळंच. साखर विरघळते तेव्हा तिच्या ४६ बंधांपैकी एकही तुटत नाही. पाणी उडवून लावलं की तीच साखर परत मिळते. म्हणून विरघळणं वेगळं आणि रासायनिक अभिक्रिया वेगळी.

खरी अभिक्रिया सुरू होते आम्लामुळं. ताज्या रसाचा सामू सव्वापाच ते साडेपाच असतो, म्हणजे रस जरासा आंबटच. त्यात अ‍ॅकोनिटिक आम्लासारखी सेंद्रिय आम्लं असतात आणि त्यांचे हायड्रोजन आयन रसात मोकळे फिरतात. हायड्रोजन आयन म्हणजे आपला एकुलता इलेक्ट्रॉन गमावलेला हायड्रोजन, निव्वळ एक धनभार. पुलावरच्या ऑक्सिजनकडे बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनच्या दोन जोड्या असतात. हायड्रोजन आयन त्यांतली एक धरून तिथं बसतो. आता ऑक्सिजनवर धनभार आला. तो शेजारच्या कार्बनशी सामाईक असलेली जोडी जोरानं आपल्याकडे ओढतो आणि त्या कार्बनशी असलेला बंध सैल होऊन तुटतो. पूल कोसळला. उघड्या पडलेल्या कार्बनला पाण्याचा एक रेणू येऊन चिकटतो, हायड्रोजन आयन परत मोकळा होतो आणि दुसऱ्या रेणूकडे जातो. ३४२ ग्रॅम सुक्रोज आणि १८ ग्रॅम पाणी यांतून १८० ग्रॅम ग्लुकोज आणि १८० ग्रॅम फ्रुक्टोज. एक ग्रॅमही कमी-जास्त होत नाही, कारण अणू तेच राहतात. कोण कुणाला धरून आहे एवढंच बदलतं. हायड्रोजन आयन खर्ची पडत नाही, म्हणून थोडंसं आम्लही पुष्कळ साखर फोडू शकतं.

अणूंचे बंध किती वेगानं तुटतात याचा जगातला पहिला पद्धतशीर अभ्यास याच पुलावर झाला, ही गोष्ट मला गडहिंग्लजच्या प्रत्येक विज्ञानशिक्षकानं वर्गात सांगावीशी वाटते. १८५० मध्ये जर्मनीतल्या लुडविग विल्हेल्मी यानं उसाच्या साखरेच्या द्रावणात आम्ल घातलं आणि त्यातून ध्रुवित प्रकाश सोडला. सुक्रोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवतं, ग्लुकोज-फ्रुक्टोजचं मिश्रण डावीकडे. तेव्हा द्रावणाला हातही न लावता, नुसता कोन मोजत राहून त्याला किती साखर फुटली ते कळत गेलं. त्याला दिसलं की कोणत्याही क्षणी फुटण्याचा वेग त्या क्षणी शिल्लक असलेल्या साखरेच्या प्रमाणात असतो. १८८९ मध्ये स्वीडनच्या स्वांटे अर्‍हेनियसनं आम्लानं साखर फुटण्याचाच प्रश्न घेऊन तापमान वाढलं की वेग इतका का वाढतो याचा नियम मांडला. आणि १९१३ मध्ये बर्लिनमध्ये लिओनोर मायकेलिस आणि कॅनडाहून आलेली डॉक्टर मॉड मेंटेन यांनी विकरांच्या कामाचं जे समीकरण दिलं, जे आज प्रत्येक जीवरसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला येतं, तेही इन्व्हर्टेज या विकरावर, म्हणजे परत याच पुलावर. त्रेसष्ट वर्षांत तीन मोठी पावलं, तिन्ही उसाच्या साखरेवर. आमच्या भागात जो माल बैलगाडीनं रचून न्यायचा, त्यावर अभिक्रियेच्या वेगाचं सगळं शास्त्र उभं राहिलं आहे.

इन्व्हर्टेज उसातही असतं. जिवंत उसात ते आपल्या जागी, कामापुरतं. ऊस तोडला की साखर तयार होणं थांबतं, फोडणं मात्र चालू राहतं, आणि तुटल्या टोकातून शिरलेले सूक्ष्मजीव त्यात भर घालतात. म्हणून ऊस तोडला की लवकरात लवकर, जमलं तर त्याच दिवशी गाळायचा. उन्हात पडून राहिलेला ऊस बघून जाणता गुळव्या आधीच सांगतो, ‘‘ऊस शिळा हाय, गूळ धरायचा न्हाई.’’ त्याच्याकडे सामू मोजायची पट्टी नसते. रसाच्या वासावरून आणि जिभेवरून तो पुलांची मोडतोड ओळखतो, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नाही.

रस काहिलीत तापू लागला की धोका वाढतो. खोलीच्या तापमानाच्या आसपास दर दहा अंशांना आम्लानं साखर फुटण्याचा वेग साधारण चौपट होतो. उकळत्या रसात तो किती होत असेल याची कल्पना करा. म्हणून गुळव्या आधी चुन्याची निवळी घालतो.

चुन्याची गोष्ट मुळापासून सांगण्यासारखी आहे, कारण इथं बंधाचा अगदी वेगळा प्रकार भेटतो. चुनखडी भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो: कॅल्शियम आणि ऑक्सिजन. कॅल्शियमच्या बाहेरच्या कवचात दोन इलेक्ट्रॉन असतात आणि ते सैल धरलेले असतात. ऑक्सिजनची ओढ इतकी मोठी की इथं जोडी सामाईक राहतच नाही. दोन्ही इलेक्ट्रॉन जवळजवळ पुरते ऑक्सिजनकडे जातात. कॅल्शियम दोन धनभारांचा आयन होतो, ऑक्सिजन दोन ऋणभारांचा. विरुद्ध भारांची ओढ हाच त्यांचा बंध. त्यात अमुक कॅल्शियमची अमुक ऑक्सिजनशी खास जोडी नसते. प्रत्येक धन आयनाभोवती सगळीकडून ऋण आयन, प्रत्येक ऋणाभोवती धन, अशी रचना चहूबाजूंना पसरत जाते. म्हणून चुन्याच्या खड्यात रेणू असा सुटा दाखवता येत नाही. साखरेच्या कणात मात्र तो येतो.

कळीच्या चुन्यावर पाणी ओतलं की तो फसफसतो, फुटतो, वाफा सोडतो. भांड्याला हात लावता येत नाही. ऑक्साइडचा आयन पाण्याच्या रेणूतून एक हायड्रोजन आयन ओढून घेतो, दोन हायड्रॉक्साइड आयन तयार होतात, आणि नव्या मांडणीची ऊर्जा कमी असल्यामुळं उरलेली उष्णता म्हणून बाहेर पडते. हे पाणी निवळलं की वर राहते ती निवळी. ती रसात गेली की हायड्रॉक्साइड आयन हायड्रोजन आयनांना गाठून त्यांचं पाणी करून टाकतात. पूल मोडणारेच कमी झाले. सामू एकानं चढला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट कमी झाले, आणि आम्लानं साखर फुटण्याचा वेगही जवळपास तितकाच उतरला.

कॅल्शियमचंही काम असतं. रसात फॉस्फेट असतं. त्याच्याशी मिळून कॅल्शियम फॉस्फेटचा न विरघळणारा साका तयार होतो. आपल्या हाडांत आणि दातांत असतो त्याच कुळातला हा पदार्थ. साका होताना तो मातीचे कण, मेण, प्रथिनं यांना आपल्यात गुंतवून घेतो. वरून भेंडीच्या ठेचलेल्या झाडाचं बुळबुळीत पाणी घालतात. त्यातल्या शर्करेच्या लांबलचक साखळ्या हायड्रोजन बंधांनी हे कण एकत्र बांधतात. रस उकळीला येऊ लागला की हे सगळं मळी होऊन वर येतं आणि झाऱ्यानं काढून टाकता येतं. निवळी जास्त झाली तर मात्र गूळ काळपट पडतो. आम्लात सुक्रोज फुटतं तसं अल्कात आधीच फुटलेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज बिघडतं आणि गडद द्रव्यं तयार होतात. म्हणून चुना हा अंदाजाचा खेळ आहे, आणि दर वर्षीच्या, दर शेताच्या रसागणिक तो अंदाज बदलतो.

आता खाली चुलवाणात पाहू. चिपाडांत मुख्यतः सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजचीच हजारोंच्या संख्येनं ऑक्सिजनच्या पुलांनी जोडलेली साखळी. ती जळते तेव्हा ऊर्जा कुठून येते? बरेच जण सांगतात, बंधात साठवलेली ऊर्जा बंध तुटला की मोकळी होते. हे बरोबर उलटं आहे. बंध तोडायला ऊर्जा खर्चावी लागते. बंध जुळताना ती मिळते. जळताना जुने बंध तुटतात त्याला लागते त्याहून जास्त ऊर्जा नवे बंध जुळताना मिळते, आणि तो फरक म्हणजे जाळाची धग.

हिशेब छोट्या रेणूवर करून पाहू. गडहिंग्लज भागात दारामागं गोबरगॅस असलेली पुष्कळ घरं आहेत. त्या गॅसमध्ये जळतो तो मिथेन. मिथेनच्या एका रेणूत कार्बन-हायड्रोजनचे चार बंध, प्रत्येकी सुमारे ४१३ किलोज्यूल. जळायला ऑक्सिजनचे दोन रेणू लागतात, प्रत्येकी ४९८. हे सगळं तोडायचा खर्च २६४८. मग कार्बन डायऑक्साइडमधले दोन दुहेरी बंध जुळतात, प्रत्येकी ७९९, आणि पाण्याच्या दोन रेणूंतले चार बंध, प्रत्येकी ४६३. मिळाले ३४५०. शिल्लक ८०२ किलोज्यूल, प्रत्येक मोलमागं, म्हणजे १६ ग्रॅम मिथेनमागं. चहाचं आधण उकळतं ते या शिलकीवर.

मग गोबरगॅस हवेत नुसता सोडला तर आपोआप का पेटत नाही? चिपाडांचा ढीग उन्हात महिनोन्महिने शांत कसा पडून राहतो? कारण मिळकत नंतर आहे, खर्च आधी. गडहिंग्लजहून आजऱ्यामार्गे कोकणात जायचं तर आंबोलीपर्यंत थोडी चढण लागते आणि मग घाटानं सरळ खाली उतरायचं असतं. उतार कितीही मोठा असला तरी आधीची चढण चुकत नाही. अर्‍हेनियसच्या नियमाचा गाभा हाच: अभिक्रियेला सुरुवातीला काही किमान ऊर्जा लागतेच. तापवलं की जास्त रेणूंकडे चढण चढण्याइतकी ऊर्जा येते. विकर दुसरं काम करतं. ते कमी चढाची वाट काढून देतं. एकदा चिपाड पेटलं की त्याच्याच शिलकीतून शेजारच्या चिपाडाची चढण भागते, म्हणून एक काडी पुरते.

चुलवाणात शिरणाऱ्या हवेत चार पंचमांशाच्या जवळपास नायट्रोजन असतो. तो जाळातून बहुतांशी जसाच्या तसा जातो. त्याच्या दोन अणूंत इलेक्ट्रॉनच्या तीन जोड्या सामाईक असतात आणि तो बंध तोडायला ९४५ किलोज्यूल लागतात. हवेत एवढा नायट्रोजन असूनही उसाला युरियाच्या गोण्या ओताव्या लागतात त्या या तिहेरी बंधापायी. आणि युरिया जास्त झाला तर त्याचा फटका गुळाला बसतो, तो असा.

नत्र जास्त मिळालेल्या उसाच्या रसात अमिनो आम्लं जास्त उतरतात. फुटलेल्या साखरेची, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजची, जी टोकं पुलात बांधलेली होती ती आता उघडी असतात, आणि ती अमिनो आम्लांतल्या नायट्रोजनशी नवे बंध करतात. पुढं एकात एक अशा अनेक अभिक्रिया होऊन तपकिरी द्रव्यं बनतात. लुई-कामिय मेयार या फ्रेंच वैद्यानं १९१२ मध्ये ही अभिक्रिया सांगितली. सुक्रोज आपणहून तिच्यात पडत नाही, कारण त्याची दोन्ही क्रियाशील टोकं एकमेकांतच गुंतलेली असतात. एक पूल दोन्हीकडची दारं लावून बसलेला असतो. गुळाचा रंग म्हणजे आतले किती पूल मोडले याची उघड्यावर लिहिलेली नोंद. थोडा मेयार हवाच, नाहीतर गुळाला तो खरपूस वास आणि चव येणार नाही, आणि गूळ-साखरेत फरक उरणार नाही. जास्त झाला की माल काळा.

रंग दिसतो तोही बंधांमुळं. एकेरी आणि दुहेरी बंध आळीपाळीनं ओळीत आले की इलेक्ट्रॉन त्या सगळ्या ओळीवर पसरतात आणि निळसर प्रकाश शोषू लागतात. उरतो पिवळा, तांबूस. गडहिंग्लजच्या बाजारात संकेश्वरी मिरचीचे ढीग लागतात, त्यांचा लाल रंगही अशाच लांब ओळीचा. ऊन आणि हवा लागून ओळ मध्येच तुटली की मिरची फिकी पडते. काहील गंजलेली असेल तर आणखी एक प्रकार होतो: रसातली फिनॉल गटातली द्रव्यं लोखंडाच्या आयनाला आपल्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या देऊन धरतात. इथं जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाच बाजूचे. तो गडद डाग मग गुळात उतरतो.

पिवळ्याधमक गुळाला भाव जास्त मिळतो, म्हणून हायड्रॉस पावडर वापरली जाते. हे सोडियम डायथायोनाइट. त्यात गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरून असतात, पण तो बंध नेहमीच्या गंधक-गंधक बंधापेक्षा बराच लांब आणि कमजोर: ०.२०५ ऐवजी ०.२३९ नॅनोमीटर. रसात तो सहज तुटतो आणि तुटलेले भाग रंगद्रव्यांना इलेक्ट्रॉन देऊन त्यांची दुहेरी बंधांची ओळ तोडतात. रंग उडतो. गुळात गंधकाचा अंश राहतो, आणि साठवणीत हवेतल्या ऑक्सिजननं रंग पुन्हा गडद होत जातो. मोडलेला एकही पूल त्यानं परत बांधला जात नाही. गिऱ्हाइकाला दिसणारी नोंद तेवढी पुसली जाते. माझं मत स्पष्ट आहे: मध्यम तांबूस, प्रामाणिक रंगाच्या गुळाला बाजारात चांगला भाव मिळू लागला तरच हा प्रकार थांबेल. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे. त्याचा उपयोग रंगाची ही चुकीची आवड बदलायला झाला पाहिजे.

शेवटचा टप्पा. पाणी उडत जातं तसा उकळबिंदू चढतो. १०५ अंशांच्या पुढं काकवी तयार. फेस उतू जाऊ लागला की चमचाभर तेल टाकतात आणि तो बसतो. ११८ च्या सुमाराला गुळव्या पाकाचा थेंब थंड पाण्यात टाकतो आणि बोटांनी वळतो. टणक गोळी झाली की लगेच काहील चुलवाणावरून उतरवायची; इथं अर्धं मिनिटसुद्धा जास्त आहे. पाक वाफ्यात ओतून हलवत राहायचा. मधलं पाणी गेल्यामुळं सुक्रोजचे रेणू आता पाण्याऐवजी एकमेकांशी हायड्रोजन बंध करतात आणि ओळीनं लागून स्फटिक वाढू लागतात. हलवण्यानं स्फटिकांची बीजं एकाच वेळी असंख्य ठिकाणी पडतात, म्हणून कण बारीक येतो. मग कापड घातलेल्या साच्यात भरून रवे पाडायचे.

स्फटिकाच्या रांगेत सुक्रोजच बसतं. ग्लुकोज-फ्रुक्टोजचा आकार वेगळा. ते मध्ये मध्ये येऊन रांग बिघडवतात. वर फ्रुक्टोजची पाण्याची ओढ जबर. मृगाचा पाऊस सुरू झाला की ज्या रव्यात फ्रुक्टोज जास्त, तो हवेतलं पाणी ओढून पाझरू लागतो. पाणी आलं की उरलेले पूलही मोडायला मोकळे, आणि बुरशीलाही सोय. जून-जुलैत पाझरलेल्या गुळाची चूक डिसेंबर-जानेवारीतच झालेली असते: ऊस शिळा होता, निवळी कमी पडली, नाहीतर जाळ रेंगाळला.

चांगल्या गुळातला पूल आपण खाल्ल्यावर मात्र मोडलाच पाहिजे. अखंड सुक्रोज आतड्यातून रक्तात शिरत नाही. लहान आतड्याच्या अस्तरावर सुक्रेज नावाचं विकर असतं. ते शरीराच्या ३७ अंशांत, ना जाळ ना आम्ल, पुलाच्या जागी पाण्याचा रेणू घालून दोन्ही साखरा सुट्या करतं. काही मुलांत हे विकर जन्मतः नसतं किंवा फार कमी असतं. त्यांना गूळ काय, साखर काय, दोन्ही सोसत नाहीत. न फुटलेलं सुक्रोज मोठ्या आतड्यापर्यंत तसंच जातं, पाणी धरून ठेवतं, तिथले जिवाणू ते आंबवतात, आणि पोट फुगून जुलाब सुरू होतात. अंगावरचं दूध पिणाऱ्या बाळात हा दोष लपून राहतो, कारण दुधातली साखर वेगळी. तो उघडा पडतो पहिल्यांदा फळं किंवा गूळ-साखर घातलेली खीर भरवल्यावर. अशा मुलांच्या आहारातून सुक्रोज काढावं लागतं. आता बाहेरून ते विकर औषध म्हणूनही देता येतं, आणि ते काढतात यीस्टपासून, ज्या यीस्टच्या इन्व्हर्टेजवर १९१३ मध्ये मायकेलिस आणि मेंटेन यांनी काम केलं होतं.